डावीकडचा वाकडा दात

धाकटीच्या घरी खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्या नव्हत्या, जबडे होते. प्लास्टरचे, पांढरेशुभ्र, वाळत ठेवलेले. नवा पाहुणा आला की आधी दचकायचा आणि मग नकळत आपल्याच दातांवरून जीभ फिरवून सगळे जागच्या जागी आहेत ना हे बघायचा. तिचे बाबा कवळ्या बनवायचे. गावात दातांचा डॉक्टर एक आणि त्याच्यासाठी कवळ्या बनवणारे बाबाही एकच. गावातले निम्मे म्हातारे माझ्या भावाच्या हातचं हसतात, असं आत्या सांगत फिरायची.

डॉक्टर जबड्याचं माप घेऊन पाठवायचा. पण मेणात दात बसवायच्या आधी बाबा त्या माणसाला घरी बोलावून घ्यायचे. समोर बसवायचे, चहा द्यायचे आणि अर्धा तास नुसत्या गप्पा मारायचे. सुनेची तक्रार, गुडघ्याचं दुखणं, काय वाटेल ते. ओठ कसे हलतात, हसताना कुठली बाजू आधी वर जाते, एवढंच त्यांना बघायचं असायचं. जमलं तर तरुणपणीचा एखादा फोटो आणायला सांगायचे. माणूस डोळ्यांपुढे असल्याशिवाय दात बसवू नयेत, हे त्यांचं एकच शास्त्र.

धाकटी बाराव्या वर्षापासून त्यांच्या शेजारी बसू लागली. थोरलीचं लग्न झालं, मधली बँकेत चिकटली, धाकटी मेणाला चिकटली. तिला शिकवायला बाबांनी पुस्तक काढलं नाही, स्वयंपाकघरातून आईला हाक मारली. जरा हस बघू, म्हणाले. आईच्या पुढच्या दोन दातांशेजारचा डावा दात थोडा वळून पुढे आलेला होता, बसमध्ये शेजारणीच्या खांद्यावरून खिडकीबाहेर डोकावणाऱ्या बाईसारखा. बाबा सुरीच्या टोकाने तो दाखवायचे. हा वाकडा आहे म्हणून बाकीचे खरे वाटतात. कवायतीला उभे केल्यासारखे दात बसवलेस की लांबून कळतं, विकतचे आहेत म्हणून. आई म्हणायची, "माझ्या दाताची शाळा सुटली असेल तर जाऊ का? दूध उतू चाललंय." आणि पुन्हा हसायची, त्यामुळे शाळा आणखी पाच मिनिटं लांबायची.

मग बाबांचे हात थरथरायला लागले. आधी ते चहाच्या कपाला कळलं, मग मेणाच्या सुरीला, आणि सगळ्यात शेवटी बाबांना. वर्षभर ते शेजारी बसून सांगत राहिले आणि धाकटी करत राहिली. पण डॉक्टरकडे मोठ्या शहरातल्या एका लॅबचा माणूस येऊन गेला. आठ दिवसांत कवळी, झगझगीत डबीत घालून. डॉक्टरने एक काम तिकडे पाठवलं, मग दोन, मग सगळीच. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तो घरी आला, खाली मान घालून बसला आणि म्हणाला, त्याच लॅबमध्ये दात बसवणारं माणूस हवं आहे, मी धाकटीचं नाव सुचवलंय.

नाही म्हणायला जागाच नव्हती. गावात आता दुसरं काम नव्हतं, आणि तिला दुसरं काही येतही नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी आत्याने आपलं मत दिलं, न मागता, जसं ती कायम देते. रोप लावलं की मूळ धरलं का ते बघायला रोज उपटायचं नसतं. तीन महिने येऊ नकोस म्हणावं पोरीला. सारखी आली तर ना इथली राहील, ना तिथली होईल. आईला ते सुरीसारखं लागलं. पण ती स्वतः लग्न होऊन लांबून आलेली. पहिल्या वर्षात चार वेळा माहेरी पळालेली आणि चारही वेळा परत येताना जास्त रडलेली. म्हणून तिनेच ते धाकटीला सांगितलं, डब्यांची झाकणं घट्ट लावता लावता, वर न बघता. "तीन महिने येऊ नकोस. मी बोलावलं तरी येऊ नकोस."

धाकटी आज्ञाधारक. हाच तिचा दोष म्हणायचा तर म्हणा.

लॅब एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्टवर 'बंद आहे' असा कागद, आणि त्या कागदाचाच रंग इतका उडालेला की लिफ्ट कधी चालू होती हे कोणाला आठवत नव्हतं. आत तीन खोल्या. मागची प्लास्टरची, तिथे सगळं दमट आणि पांढरं, माणसांच्या भुवयासुद्धा. मधली पॉलिशची; तिथे मोटरींची घरघर, बोलायचं तर ओरडून. आणि पुढची, खिडक्यांची, ती दात बसवणाऱ्यांची. लांब टेबलं, प्रत्येकापुढे स्पिरिटचा छोटा दिवा, मेणाची सुरी आणि दातांच्या पट्ट्या. पुढच्या खोलीत बसायला मिळणं म्हणजे मान. प्लास्टरची माणसं पाच-पाच वर्षं तिकडे डोळे लावून असायची. धाकटी थेट तिथे बसली, सहा महिन्यांच्या बोलीवर. सहा महिन्यांनी कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

ठरवणारे होते मोठे सर. मागून त्यांना सगळे अक्कलदाढ म्हणायचे. उशिरा येतात आणि आले की दुखतं म्हणून. माणूस कामाला पक्का, जिभेला तिखट. पहिल्याच आठवड्यात धाकटीने त्यांना भीत भीत विचारलं, पेशंटचा फोटो मिळतो का? सरांनी चष्म्यावरून बघितलं. "फोटो कशाला? स्थळ बघायचंय का?" सगळी खोली हसली. प्रत्येक कामाबरोबर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये एक चिठ्ठी यायची. नंबर, वय, बाई की पुरुष, दातांचा रंग. संपलं. चारशे बारा, वय अडुसष्ट, पुरुष. चारशे तेरा, वय एकाहत्तर, बाई. धाकटी त्या चिठ्ठीकडे बघत बसायची. एकाहत्तर वर्षांची बाई, पण हसते कशी? कोणावर रागावते? मग शेजारची म्हणायची, अगं, मेण थंड झालं. आणि ती सुरी पुन्हा दिव्यावर धरायची.

राहायला एक खोली होती, दोघींत. दुसरी इस्पितळात नर्स होती, म्हणून तिला सगळे सिस्टर म्हणत; धाकटी मात्र तिला ताई म्हणायची. तिला घर सोडून आठ वर्षं झालेली. खोलीत दोन पलंग, एक कपाट, त्यातले वरचे दोन कप्पे सिस्टरचे, खालचा धाकटीचा, आणि एक खिडकी जिच्यातून समोरच्यांचं वाळत घातलेलं धुणं सोडून काहीच दिसत नसे. धाकटीला महिनाभरात त्या घरातले कपडे पाठ झाले. मंगळवारी निळा शर्ट वाळत नसला की ती काळजी करायची.

पहिले पंधरा दिवस ती रडली नाही. सिस्टर म्हणाली, हे बरं लक्षण नाही. सोळाव्या दिवशी भाजीवाल्याने तिला 'बाई, बाजूला सरका' म्हटलं आणि ती रस्त्यात उभी राहून ढसाढसा रडली. भाजीवाला बिचारा घाबरून दोन टोमॅटो जास्त देऊन मोकळा झाला. खोलीवर येऊन तिने सिस्टरला विचारलं, हे कधी कमी होतं? सिस्टर पायाला तेल लावत होती. म्हणाली, पहिलं वर्ष वाईट असतं. मग एकदा तू घरी जातेस आणि सुट्टी संपायच्या आत तुला इकडे परतावंसं वाटतं. धाकटी म्हणाली, म्हणजे तेव्हा बरं वाटतं? "छे गं," सिस्टर म्हणाली. "ते त्याहून वाईट."

सिस्टरने आपल्या परीने औषधं सांगितली. रोज चाल. खोलीत एकटी जेवू नकोस. घरच्या फोनची वेळ ठरव, ती सोडून उचलू नकोस. धाकटीने सगळं केलं. चालायची तर पाय आपोआप बसस्टँडकडे वळायचे. कोणाबरोबर जेवायला बसली तर घास फिरत राहायचा. फोनची वेळ मात्र तिने पाळली: सकाळी साडेसात, कामाला निघायच्या आधी.

पण फोनवर बोलायचं काय? जेवलीस का, झोपलीस का, बाबांचा हात कसा आहे. पाच मिनिटांत दोघींचं संपायचं आणि मग एक शांतता पसरायची, जी घरात कधीच नसते. एकदा धाकटी म्हणाली, "आई, तू बोलू नकोस. फोन फळीवर ठेव आणि तुझं काम कर."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. नुसता ठेव."

आईने चहाच्या डब्याला टेकवून फोन फळीवर ठेवला. पडद्यावर छत दिसायचं, एक जळमट, आणि मधूनच आईचा खांदा. नळ सोडल्याचा आवाज. झाकण पडल्याचा. बाबांचं खाकरणं, पेपरचं पान उलटणं, आत्या आली की तिची चप्पल. मधूनच आई कशाला तरी हसायची आणि पडद्याच्या कडेला अर्धा चेहरा येऊन जायचा. धाकटी ते ऐकत चहा प्यायची, वेणी घालायची, कधी नुसती बसायची. सिस्टर म्हणायची, लोक रेडिओ लावतात, हिने घर लावलंय. तिकडे आईला ते जड जायचं. पोर बघतेय म्हणून ती भांडी हळू ठेवायची, बाबांवर चिडायची नाही, आणि फोन बंद झाला की मोरीत जाऊन डोळे धुवायची. तीन महिने येऊ नकोस हे आपणच सांगितलं, आता कुठल्या तोंडाने ये म्हणायचं? आत्याला विचारलं तर ती म्हणाली, मूळ धरतंय, थांब.

तीन महिने झाले. धाकटीने चार दिवसांची सुट्टी मागितली, सरांनी सही केली. तिच्या कामावर ते खूष होते. तुझे दात खरे वाटतात, असं एकदा म्हणालेही होते, आणि सरांच्या तोंडून हे म्हणजे दुसऱ्या कोणी हार घालण्यासारखं. बॅग भरून पलंगाखाली ठेवली. शुक्रवारी दुपारची गाडी होती.

बुधवारी सरांनी तिला आत बोलावलं.

टेबलावर दोन कवळ्या होत्या, मेणातल्याच. पक्की करण्याआधी कवळी एकदा पेशंटच्या तोंडात घालून बघतात. तिथून या परत आल्या होत्या. एक नवऱ्याची, एक बायकोची. दोघं एकाच दिवशी एकाच डॉक्टरकडे गेले होते. आरशात बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि म्हातारी हसता हसता खोकायला लागली म्हणे. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, चाळीस वर्षं संसार केला, आता भाऊबहीण म्हणून फिरू का? दोघांचा पुढच्या दोन दातांशेजारचा डावा दात सारखाच वळून पुढे आलेला होता. नवऱ्याला तर स्वतःचे सगळे दात सरळ होते म्हणून अभिमान होता. तो हसला नव्हता.

धाकटी म्हणाली, चूक झाली सर, बदलून देते. सरांनी उठून कपाट उघडलं आणि बाहेर जायच्या तयारीत असलेली तिची आणखी तीन कामं काढून ओळीने मांडली. पाच जबडे झाले. वय अडुसष्ट, एकाहत्तर, पंचावन्न, साठ, ऐंशी. पाचही तोंडांत तोच दात, तेवढाच वळलेला. कोणी साचा लावून काढला असता तरी इतका हुबेहूब निघाला नसता.

"हा कोणाचा दात आहे?" सरांनी विचारलं.

धाकटी बघत राहिली. तिला खरंच माहीत नव्हतं की तिने हे केलं आहे. ती तर चिठ्ठी बघत होती, वय बघत होती. हात त्याचं तो करत होता.

"आईचा," ती म्हणाली.

सरांनी पाचही जबडे एकेक करून ट्रेमध्ये ठेवले. मग त्यांनी सांगितलं ते तिखटही नव्हतं. असं म्हणाले की तुझा हात चांगला आहे म्हणून सांगतो, इथे माणसाची आठवण काढून काम करायचं नसतं. पुढचे दहा संच सरळ हवेत, तक्त्यावर दाखवलेत तसे, एक केसभर इकडे नाही, एक केसभर तिकडे नाही. महिनाभरात दहा. ते जमले तर सहा महिन्यांची वाट न बघता आत्ताच कायम करतो. एकात जरी तो दात आला तर प्लास्टरच्या खोलीत जायचं, तिथे तोंडं बघावी लागत नाहीत. आणि सुट्टी नंतर बघू.

तिने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खाली येऊन जिन्यात बसली आणि आईला फोन करून सांगितलं की शुक्रवारी येत नाही, काम आलंय. आईने विचारलं, कसलं काम? ती म्हणाली, असंच, कामातलं. आई म्हणाली, बरं. मी गादी उन्हात घातली होती, काढून ठेवते.

पहिले दोन संच नीट झाले. तक्ता समोर टेकवून, श्वास धरून. तिसऱ्याच्या दिवशी तिने रोजच्यासारखा सकाळी फोन लावला होता, फळीवरचा. घर ऐकत केस विंचरले, आणि तशीच कामावर आली. चार दात बसवले, पाचवा बसवला आणि सुरी बाजूला ठेवून बघितलं तर तो आलेला होता. डावीकडे, वळून, डोकावत. तिने मेण तापवून तो काढला. पुन्हा बसवला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा तिने शेजारचीला सांगितलं, माझा हात धर. शेजारचीला वाटलं हिला चक्कर आली.

त्या संध्याकाळी तिने सिस्टरला सगळं सांगितलं आणि ठरवलं की फोनच बंद. घर कानात असलं की हातात उतरतं. हे आईला कसं सांगायचं याचा तिने खूप विचार केला. खरं सांगायचं तर तुझ्या दाताने माझी नोकरी अडवली असं सांगावं लागलं असतं. आईला ते कसं लागेल, हे तिला न बघता दिसत होतं. म्हणून तिने काहीच कारण दिलं नाही. आणि तीच मोठी चूक झाली.

"महिनाभर फोन नको, आई. मी करेन नंतर."

"का गं?"

"कामात लक्ष लागत नाही."

"मी बोलत नाही. नुसता फळीवर ठेवते ना."

"तोसुद्धा नको."

आईने तिकडे नळ बंद केला. मग ती म्हणाली, "माझं काही चुकलं का?" धाकटी नाही म्हणाली, पण इतक्या घाईने की ते 'हो'सारखं ऐकू गेलं असणार.

आईच्या मनात काय काय आलं असेल ते कुठल्याही आईला विचारा. पोरगी आजारी आहे. पोरगी कोणाच्या तरी नादाला लागली आहे. पोरगी रागावली आहे, आपण तीन महिने येऊ नको म्हटलं त्याचा राग धरला आहे. शेवटचं तिला सगळ्यात खरं वाटलं. बाबा म्हणाले, कामात असेल, आपणही कामात असलो की कोणाला ओळखत नव्हतो. आत्या म्हणाली, मूळ धरलं. आईने आयुष्यात पहिल्यांदा आत्याला सांगितलं, की वन्सं, तुम्ही जरा गप्प बसा.

मग तिने सिस्टरला फोन करायला सुरुवात केली. नंबर पहिल्या दिवशीच घेऊन ठेवला होता, लागलं-सवरलं तर म्हणून. पहिल्यांदा विचारलं, पोर जेवते का? दुसऱ्यांदा, झोपते का? तिसऱ्यांदा फक्त म्हणाली, कशी दिसते हो? सिस्टरने खरं ते सांगितलं. जेवते, झोपते, बोलत नाही. चौथ्या फोनला सिस्टर रात्रपाळी करून आली होती, डोळे मिटत होते, आणि तिकडे आई रडायला लागली होती. सिस्टरला वाटलं, सांगून टाकावं, निदान या बाईचा जीव तरी भांड्यात पडेल. म्हणून हसत हसत सांगितलं, काकू, तुमच्यावर रागावलेली नाही हो. उलट तुम्ही सारख्या तिच्या हातात येता. तुमच्या वाकड्या दातापायी पोरीची नोकरी जायची वेळ आली होती, म्हणून फोन बंद. आई रडायची थांबली. अस्सं होय, म्हणाली. दोनदा म्हणाली. सिस्टरला वाटलं, बरं झालं, मिटलं. तिने धाकटीला यातलं काही सांगितलं नाही.

धाकटी तोपर्यंत सहाव्या संचावर होती. तिने एक युक्ती काढली होती: दात मोजत बसवायची, मनात मोठ्याने, म्हणजे दुसरं काही शिरायला जागा राहू नये. सातवा. आठवा. सकाळी उठली की हात फोनकडे जायचा. ती तो गादीखाली ठेवायची. समोरच्या घराच्या दोरीवरचा निळा शर्ट आता तिला दिसत नसे, म्हणजे असायचा, पण तिचं लक्ष नसे. नवव्या संचाला तिने तक्ता समोर ठेवलाच नाही, हात आपोआप सरळ गेला. दहावा तर तिने शेजारचीशी बोलता बोलता पुरा केला. सरांनी भिंगातून बघितला, उलटा करून बघितला, आणि चिठ्ठीवर सही केली. शनिवारी दुपारी सगळ्यांना बोलावून सांगितलं की ही आजपासून कायम. प्लास्टरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, जरा हळू.

त्या दिवशी खोलीवर जाताना तिने मनातल्या मनात आईला हसवून बघितलं. महिन्यात पहिल्यांदाच. डोळे दिसले, कपाळ दिसलं, कानाजवळचे पांढरे केस दिसले. तोंडाशी आलं की धुकं. दात वळलेला होता हे माहीत होतं, जसं एखाद्या रस्त्याचं नाव माहीत असतं. पण किती वळलेला? शेजारच्याच्या पुढे होता की नुसता तिरका? जो हाताने न विचारता पन्नास वेळा बसवला, तो आता हाताला विचारला तर हात गप्प. ती रस्त्यात थांबली. मग जवळजवळ पळत खोलीवर आली.

सिस्टर कपड्यांना इस्त्री करत होती. धाकटीने फोन लावला आणि समोर धरला. फळीवर ठेवू नकोस, आई, समोर धर. मला बघायचंय तुला.

आधी बाबा आले, पडदा हलत होता, त्यांच्या हातात फोन होता म्हणून. तिने सांगितलं, कायम झाले. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी विचारलं, आता कसे बसवतेस? ती म्हणाली, सरळ. बाबा म्हणाले, "हं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बसले म्हणजे झालं." आणि हातातला फोन आईकडे वळवून धरला.

आई आली. महिन्याभरात जरा वाळलेली, केस नीट विंचरलेले, आणि उजवा हात तोंडावर. शिंक येणार असली की धरतो तसा.

"अभिनंदन गं," आई हातामागून म्हणाली. शब्द नीट ऐकू आले नाहीत.

"आई, हात काढ ना."

"असू दे."

"अगं, दिसत नाहीस तू मला."

"दिसतेय की सगळी." आईने मान हलवली, हात नाही. "तुला त्रास नको पुन्हा. आत्ताच कायम झालीस. तुझं बस्तान नीट बसू दे."

धाकटीला क्षणभर कळलं नाही. मग तिने मागे वळून बघितलं. सिस्टरने इस्त्री उभी करून ठेवली होती आणि ती एकाच बाहीची घडी पुन्हा पुन्हा घालत होती. "मी गमतीत म्हटलं होतं गं," ती म्हणाली. "रडत होत्या म्हणून म्हटलं."

धाकटीने आईला सांगायचा प्रयत्न केला. तसं काही नाही, त्या दाताचा काही दोष नाही, माझाच हात वाईट. उलट आता मला तो आठवत नाहीये, म्हणून फोन केला. हे तिने सांगितलं मात्र, आणि आईचा चेहरा उजळला. "आठवत नाही ना? मग बरं झालं. सवय लागली म्हणायची." आणि आईने खरंच हात खाली घेतला. पण ओठ गच्च मिटलेले. त्या मिटल्या ओठांनीच ती हसली, शाळेच्या फोटोत पोरं हसतात तशी, आणि बोलायची वेळ आली की पुन्हा हात वर न्यायची. महिनाभराची सवय झाली होती तिलाही. बाबा मागून म्हणाले, घरातही अशीच असते हल्ली. मी सांगून थकलो.

आता काय करायचं? चारशे मैलांवरून कोणाचा हात कसा खाली ओढायचा? धाकटीने रागावून बघितलं, विनवून बघितलं. आई प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची, हातामागून. मग धाकटीला वाटलं, हसवावं. हसताना माणसाचं भान सुटतं. तिने सांगितलं की आज सगळ्यांना कायम झाल्याची बिस्किटं वाटली, आणि सरांनी भाषण करत करत बिस्किटाचा तुकडा मोडला तर त्यांच्या स्वतःच्याच दाढेतलं भरलेलं सिमेंट निघून चहात पडलं. दातांच्या लॅबचा मोठा साहेब, आणि बारा माणसं एकेका कपात चमचा घालून शोधतायत. शेवटी ते सापडलं ते पॉलिशवाल्याच्या दाताखाली, कारण त्याने चुकून सरांचाच चहा पिऊन टाकला होता.

बाबा आधी हसले, खो खो, फोनचा पडदा गदगदला. आत्याचा आवाज आला, काय झालं, मला सांगा, मला सांगा. आईचे खांदे हलले, डोळे बारीक झाले, डोळ्यांतून पाणी आलं. धाकटी पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली.

आई हसून हसून वाकली होती, आणि दोन्ही हात तोंडावर होते.